उरलेले तास : पॉम्पेईची शेवटची रात्र आणि कुंडलिकेचा काठ

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, उत्तरेच्या अंगाला, चौल आहे. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराचे देऊळ आणि शेजारी रेवदंड्याचा पडका पोर्तुगीज तट दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वी हे बंदर भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना नावानिशी ठाऊक होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयन-पुस्तिकेत कल्याणच्या खालची बंदरे ओळीने दिली आहेत : सेमुल्ला, मांदागोरा, पालेपाटमाय. सेमुल्ला म्हणजे आपले चौल. कान्हेरीच्या लेण्यांतले काही दाते स्वतःला चेमुलचे रहिवासी म्हणवतात, तेही हेच गाव. रोह्याहून तळ्याच्या वाटेने गेले की मांदाडची खाडी लागते. काही अभ्यासक तिला मांदागोरा मानतात. चौलला उत्खनन करणारे डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी तिथे पालेपाटमाय असल्याचे मांडले. त्या खाडीवरच्या डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत सार्थवाह, वैद्य, माळी आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी यांची दाने कोरलेली आहेत. घाटावरचा माल खाडीत उतरत होता आणि खाडीतून जगात जात होता.

त्या जगाच्या दुसऱ्या टोकाला, इटलीतल्या नेपल्सच्या उपसागरावर, पॉम्पेई होते. भारतातला माल लाल समुद्र, नाईल नदी आणि अलेक्झांड्रिया करत याच उपसागरातल्या पुतेओली बंदरात उतरे. १९३८ साली पॉम्पेईतल्या एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या परिचारिका. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता बहुतेक अभ्यासक यक्षी म्हणतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात अगदी तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, त्यामुळे या यक्षीचे माहेर दख्खनच्या पठारावर असावे असे अनेकांना वाटते. उलट दिशेने इटलीची दारू आपल्याकडे येत होती. केरळातल्या पट्टणमला आणि पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला मिळालेल्या काही रोमन मद्यकुंभांच्या मातीत काळे ज्वालामुखी कण आहेत. ही काळी वाळू पॉम्पेईशेजारच्या व्हेसुव्हियस या ज्वालामुखी डोंगराच्या परिसरातली. डोंगर फुटण्याच्या आधीच त्याची माती भारताच्या किनाऱ्याला लागली होती.

चौलचे वैभव शतकानुशतके ओसरत गेले. पॉम्पेईला व्हेसुव्हियसच्या उद्रेकाची एक रात्र पुरली. त्या रात्रीचा हिशोब तासातासाने मांडता येतो, याचे श्रेय दोन गोष्टींना. धाकट्या प्लिनीने, जो तेव्हा १७ वर्षांचा होता, पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत त्याने पाहिलेले आणि ऐकलेले सारे नोंदवले. आणि शहरावर बसलेले दगड-राखेचे थर ज्वालामुखीच्या अभ्यासकांनी एकेक करून वाचले. दोन्ही जुळवून काढलेल्या पुढच्या वेळा अंदाजे आहेत, पण क्रम पक्का आहे.

हा घटनाक्रम रायगडच्या वाचकापुढे ठेवण्याचे कारण एकच. त्यातला जवळजवळ प्रत्येक तास हा निघून जाण्याचा तास होता.

सतरा वर्षे आधी

इ.स. ६२. मोठ्या भूकंपाने पॉम्पेईतली देवळे, घरे, पाण्याची व्यवस्था मोडते. तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की त्या भागात ६०० मेंढरांचा कळप मरून पडला. आज वाटते की जमिनीतून निघालेल्या विषारी वायूने ती मेली असावीत. लोक शहर सोडत नाहीत, पुन्हा बांधायला घेतात. इजिप्तची देवी इसिस हिचे देऊळ न्युमेरियस पोपिडियस केल्सिनस या सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने नव्याने उभे राहते.

व्हेसुव्हियस आग ओकतो हे कोणाच्या ध्यानीमनी नाही. त्याच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. भूगोलकार स्ट्रॅबोने मात्र काही दशके आधीच लिहून ठेवले होते की माथ्यावरचे खडक जळाल्यासारखे दिसतात, इथे कधीकाळी आग असावी. ते वाक्य पुस्तकात राहिले.

आदले काही दिवस

इ.स. ७९. जमीन पुन्हा हलते आहे. धाकटा प्लिनी सांगतो की या भागात धक्के नेहमीचेच, म्हणून फार कोणी घाबरले नाही. शहरात डागडुजी चालू आहे. एका घरात रंगारी भिंत रंगवत आहेत, चुना आणि रंगांची भांडी शेजारी मांडलेली. रस्त्यांत खणलेले चर अजून बुजवलेले नाहीत.

तारीख कोणती, यावर वाद आहे. पत्रांच्या हस्तलिखितांतून २४ ऑगस्ट ही तारीख रूढ झाली. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडली. कोळशाचे अक्षर भिंतीवर फार काळ टिकत नाही, त्यामुळे आता अनेकांचा कल २४ ऑक्टोबरकडे आहे.

सकाळ : उरले सुमारे बावीस तास

डोंगराच्या माथ्याशी पाणी आणि तप्त शिलारस एकत्र येऊन वाफेचा लहान स्फोट होतो. बारीक राख पूर्वेच्या उतारांवर पडते. पायथ्याच्या वस्त्यांत घबराट सुरू होते. पॉम्पेई तिथून दहाएक किलोमीटरवर. बाजार उघडा आहे, मासळीची आमटी विकणारे आपल्या दुकानांत आहेत, नदीमुखाच्या धक्क्यावर माल चढतो-उतरतो आहे.

दुपारी एक : उरले साडेअठरा तास

डोंगराचा माथा उडतो. दगड, राख आणि वायूंचा खांब सुमारे १५ किलोमीटर वर जातो आणि तिथे पसरतो.

उपसागरापलीकडे, तीसेक किलोमीटरवर, मिसेनम हे रोमन आरमाराचे ठाणे आहे. आरमारप्रमुख थोरला प्लिनी हा धाकट्याचा मामा. ऊन खाऊन, थंड पाण्याने अंघोळ आणि जेवण उरकून तो पुस्तकांत बसला आहे. बहीण त्याला ढग दाखवते. तो उंचावर जाऊन पाहतो. बुंधा सरळ आणि माथ्यावर फांद्या पसरलेल्या, इटलीतल्या छत्रीसारख्या पाइन झाडाचा आकार.

या माणसाची ओळख आपल्याला असायला हवी. ३७ खंडांच्या ज्ञानकोशात त्याने भारताच्या वाटेवरची बंदरे, मोसमी वाऱ्यांचा प्रवास, काळ्या मिरीचा भाव, सारे लिहिले आहे. मिरी एका रोमन पौंडाला चार दिनार. भारत दरवर्षी रोमन साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही त्याची तक्रार प्रसिद्ध आहे. आपल्या किनाऱ्याच्या व्यापारावर इतके बारकाईने लिहिणारा तो माणूस आता उंचावरून ज्वालामुखी पाहतो आहे, आणि त्याला जवळ जाऊन पाहायचे आहे.

पॉम्पेईत मोडेस्टसच्या भट्टीत ८१ पाव आहेत. ते बाहेर काढायला कोणी परत येत नाही. १८६२ साली उत्खननात ते काळे कोळसा होऊन, आकार जसाच्या तसा राखून सापडतील.

दुपारी अडीच : उरले सतरा तास

वारा आग्नेयेकडे वाहतो आहे आणि पॉम्पेई बरोबर त्याच दिशेला आहे. शहरावर पांढरट, फेसाळ, हलके दगड पडू लागतात. त्याला प्यूमिस म्हणतात, तो पाण्यावर तरंगतो. दर तासाला सुमारे १५ सेंटिमीटरचा थर साचतो. मधूनमधून जड, टणक दगडही येतात. दुपारीच अंधारून आले आहे.

वेशी उघड्या आहेत. दक्षिणेला नुसेरियाची वेस, स्टॅबियाईची वेस, नदीकडे जाणारा रस्ता. पायी चालणारा माणूस दोन तासांत बऱ्यापैकी दूर जाऊ शकतो. बरेच जण जातात. घोडे, गाढवे, गाड्या मिळतील तशा नेल्या जातात. अनेक तबेले उत्खननात रिकामे मिळाले. पण दुकानात माल आहे, घरात म्हातारे आहेत, गुलामाला मालकाची परवानगी नाही, गरोदर बाईला चालवत नाही. आणि डोक्यावर दगड पडत असताना घराच्या छपराइतका विश्वास कोणत्याच गोष्टीवर बसत नाही.

मिसेनममध्ये थोरल्या प्लिनीला डोंगराखाली राहणाऱ्या रेक्टिना नावाच्या बाईची चिठ्ठी मिळते : समुद्राशिवाय सुटकेची वाट नाही, मला वाचवा. कुतूहलाने निघालेला तो आता मोठी जहाजे हाकारतो. भाच्याला बरोबर येण्याबद्दल विचारले, तर भाचा म्हणतो मला अभ्यास करायचा आहे. त्यामुळे तो वाचला.

सायंकाळी साडेपाच : उरले चौदा तास

थर अर्ध्या मीटरच्या आसपास गेला आहे. ४० सेंटिमीटर प्यूमिस साचला की छपराच्या एका चौरस मीटरवर दोन-अडीचशे किलो भार येतो, म्हणजे भाताची चार-पाच पोती. तुळया मोडतात, कौले आणि भिंती माणसांवर कोसळतात. या थरात गाडलेले सुमारे चारशे मृतदेह उत्खननात मिळाले. त्यातले बहुसंख्य लोक छपराखाली थांबलेले होते.

समुद्रावर थोरल्या प्लिनीच्या जहाजांवर गरम राख पडते आहे. किनाऱ्याजवळ पाणी अचानक उथळ झाले आहे, डोंगरातून आलेल्या ढिगाऱ्याने किनारा अडला आहे. सुकाणूवरचा माणूस परत फिरू या म्हणतो. प्लिनी ऐकत नाही. रेक्टिनापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून तो दक्षिणेला स्टॅबियाईला मित्र पोम्पोनियानसकडे उतरतो. मित्राने सामान आधीच जहाजावर चढवले आहे, पण निघता येत नाही. ज्या वाऱ्याने प्लिनीला आत आणले तोच वारा बाहेर पडणाऱ्याला आडवा आहे. कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

रात्री आठ : उरले साडेअकरा तास

स्फोट आता वाढला आहे. खांब तीस किलोमीटरच्या पुढे गेला आहे. पडणाऱ्या प्यूमिसचा रंग पांढऱ्याचा राखाडी झाला आहे आणि दगड जड आहेत. पॉम्पेईत तळमजल्याच्या खिडक्या बुजल्या. जे उरले ते वरच्या मजल्यावर चढले आहेत किंवा मजबूत खोलीत दाटीवाटीने बसले आहेत. रस्ते अजून चालण्याजोगे आहेत, पण आता कमरेहून उंच साचलेल्या भुसभुशीत दगडांवरून, काळोखात, डोक्यावर मारा घेत.

स्टॅबियाईत थोरला प्लिनी अंघोळ करतो, जेवतो आणि सर्वांना सांगतो की डोंगरावर दिसणाऱ्या ज्वाळा म्हणजे लोकांनी सोडलेली शेतघरे जळत आहेत. मग तो झोपतो. इतरांचा धीर सुटू नये म्हणून केलेले हे सारे असावे. पण बाहेर अंगण भरत चालले आहे आणि थोड्या वेळाने त्याचे दार उघडणार नाही अशी वेळ येते, तेव्हा त्याला उठवावे लागते.

रात्री एक : उरले साडेसहा तास

इतका वेळ वर जाणाऱ्या खांबाला पेलणारा जोर आता अपुरा पडतो. खांबाचा भाग कोसळतो आणि तप्त वायू, राख व दगडांची लाट जमिनीला चिकटून ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने उतारावरून सुटते. डोंगरापासून सातएक किलोमीटरवर हर्क्युलेनियम आहे. दिवसभर वारा उलट दिशेला असल्याने त्या गावावर जेमतेम काही सेंटिमीटर राख पडली होती. बरेच लोक निघून गेले होते. तीनशेहून अधिक लोक समुद्रकाठच्या कमानींच्या नावघरांत आणि वाळूवर बोटींची वाट पाहत होते. लाटेचे तापमान काही शे अंश. कोणीही वाचले नाही. १९८० पासूनच्या उत्खननात त्यांचे सांगाडे मिळाले : जवळ दिवे, दागिने, एकाच्या कमरेला तलवार.

पॉम्पेईला हे कळलेले नाही. कळायला वाट नाही.

पहाटे चार : उरले साडेतीन तास

स्टॅबियाईत वाद चालला आहे. घर हलते आहे, बाहेर दगड पडत आहेत. थांबावे की निघावे? ते डोक्यावर उशा बांधून बाहेर पडायचे ठरवतात.

पॉम्पेईत प्यूमिसचा मारा कमी होतो आहे. थर अडीच मीटरच्या वर गेला आहे. जे रात्रभर वरच्या मजल्यांवर तग धरून होते त्यांना वाटते की सुटलो. कित्येकांचे मृतदेह प्यूमिसच्या थराच्या वर सापडले आहेत, म्हणजे ते या वेळी खिडकीतून, छपरातून बाहेर येऊन चालू लागले होते. ज्या शांततेने त्यांना बाहेर काढले ती शांतता खांब कोसळत असल्याची खूण होती.

सकाळी सहा : उरला दीड तास

उजाडले आहे, पण उजेड मरतुकडा. मिसेनममध्ये घरे इतकी हलतात की धाकटा प्लिनी आईला घेऊन गावाबाहेर पडतो. सपाट जमिनीवर उभ्या केलेल्या गाड्या मागेपुढे लोटल्या जातात, चाकांना दगड लावूनही थांबत नाहीत. समुद्र मागे ओढला जातो आणि मासे वाळूवर तडफडतात.

आई म्हणते, मी म्हातारी, तू पळ. तो तिचा हात सोडत नाही.

सकाळी साडेसहा : उरला एक तास

एक तप्त लाट पॉम्पेईच्या उत्तरेच्या तटापर्यंत येऊन थांबते. तटाबाहेरची घरे जातात. शहराच्या आतल्या माणसांना हा शेवटचा इशारा. दक्षिण-पूर्वेच्या कोपऱ्यात, नुसेरियाच्या वेशीजवळच्या द्राक्षमळ्यात, मोठी माणसे आणि मुले मिळून तेरा जण वेशीच्या दिशेने चालले आहेत. त्यांच्या ठशांमुळे त्या जागेला आज ‘पळून जाणाऱ्यांची बाग’ म्हणतात.

सकाळी साडेसात : उरला वेळ संपला

पुढची लाट तटावरून आत येते. काही मिनिटांत शहरातला प्रत्येक जीव मरतो, उष्णतेने आणि राखेने घुसमटून. या थरांत सुमारे साडेसहाशे मृतदेह मिळाले. कोणाच्या मुठीत नाणी आहेत, कोणाच्या गाठोड्यात दागिने. अनेकांजवळ घराच्या किल्ल्या आहेत. ते परत येणार होते.

राख घट्ट झाली, आतली शरीरे विरघळली, पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्ली याने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची पद्धत काढली आणि माणसे शेवटच्या क्षणी जशी होती तशी समोर आली.

सकाळी आठ

सर्वांत मोठी लाट स्टॅबियाईच्या दिशेने जाते. थोरला प्लिनी किनाऱ्यावर कापडावर आडवा झाला आहे, पुन्हा पुन्हा थंड पाणी मागतो. गंधकाचा वास येतो, लोक पळतात. दोन गुलामांच्या आधाराने तो उठतो आणि कोसळतो. प्रकाश परतल्यावर त्याचा देह सापडला, कपडे अंगावर नीट, झोपल्यासारखा. मिसेनमवर काळोख उतरतो, दिवा मालवलेल्या बंद खोलीतला. धाकटा प्लिनी आणि त्याची आई रस्त्याच्या कडेला बसून अंगावरची राख झटकत राहतात, नाहीतर ती त्यांना गाडून टाकेल. ते दोघे जगतात.

नंतर

पॉम्पेईची लोकसंख्या दहा-बारा हजारांच्या घरात धरली जाते. ६६ हेक्टरच्या शहराचा दोन तृतीयांश भाग खणून झाला असून आजवर हजार-अकराशेच्या आसपास मृतदेह मिळाले आहेत. वेशीबाहेर किती मेले त्याचा हिशोब वेगळा, पण शहरातून बाहेर पडलेले पुष्कळ लोक जगले याचा पुरावा आहे. पॉम्पेईची आडनावे पुढच्या काळात पुतेओली, क्युमाई, नेपल्स, ऑस्टिया इथल्या शिलालेखांत दिसतात. सम्राट टायटसने वारस न उरलेल्यांची मालमत्ता उद्ध्वस्त भागाच्या मदतीला लावली. व्यापार थांबला नाही. शे-पाऊणशे वर्षांनी अलेक्झांड्रियाचा टॉलेमी सिमुल्लाबद्दल तिथे जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेली माहिती नोंदवतो. म्हणजे चौल तेव्हाही गजबजलेले होते.

व्हेसुव्हियस जिवंत आहे. शेवटचा उद्रेक १९४४ साली झाला. धोक्याच्या सर्वांत आतल्या वर्तुळात आज सात लाखांच्या जवळपास लोक राहतात. इटलीने त्यांच्यासाठी आराखडा केला आहे. इशारा मिळाल्यापासून ७२ तासांत सर्वांना हलवायचे, आणि कोणत्या गावच्या लोकांना इटलीच्या कोणत्या प्रांतात न्यायचे हे आधीच ठरलेले आहे. डोंगर गप्प असताना हे ठरवले, यात त्या आराखड्याचे सारे मोल आहे.

आपल्या डोंगरांखाली

सह्याद्रीचा काळा कातळही लाव्हाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. त्यातून आता आग येणार नाही. पण त्यावरची माती आषाढ-श्रावणात सुटते, आणि त्या मातीखाली आपली गावे आहेत. २४ जुलै १९८९ रोजी आंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातले जांभूळपाडा उद्ध्वस्त केले. तीच आंबा रोहे तालुक्यातल्या नागोठण्यावरून पुढे जाऊन पेणच्या अंगाने धरमतरच्या खाडीला मिळते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या डोंगरातले तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ लोक कधीच सापडले नाहीत. सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

व्हेसुव्हियसने पॉम्पेईला मोठ्या स्फोटानंतर साडेअठरा तास दिले. दरड एवढा वेळ देत नाही. ती रात्री येते, मुसळधार पावसात, वीज आणि फोनची रेंज गेलेली असताना. पण तिच्याही खुणा आधी दिसतात : वरच्या बांधाला पडलेली भेग, कललेले झाड किंवा विजेचा खांब, एकाएकी गढूळ झालेला झरा, कोरड्या जागी फुटलेले नवे पाणी, चौकटीत अडकू लागलेली दारे. डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला त्या आधी दिसतात. यादी करणाऱ्या कार्यालयाला त्या दिसतीलच असे नाही.

पॉम्पेईत छपराखाली थांबलेले लोक मूर्ख नव्हते. त्यांनी घर, दुकान, म्हातारे आणि नेहमीचे धक्के यांचा विचार करून निर्णय घेतला, फक्त तो निर्णय दगड पडायला लागल्यावर, अंधारात, एकेकट्याने घेतला. तिथेच ते हरले. त्या क्षणी कोणालाही बरोबर निर्णय घेणे जवळजवळ अशक्य असते, आरमारप्रमुखालासुद्धा.

म्हणून तो निर्णय आधी घ्यायचा. पेण, रोहे, सुधागड, खालापूर, महाड या तालुक्यांतल्या डोंगराखालच्या प्रत्येक वाडीने मे महिन्याच्या ग्रामसभेत पाच गोष्टी नावानिशी लिहून काढाव्यात. कोणत्या खुणेवर सगळ्यांनी घर सोडायचे. कोणत्या शाळेत किंवा देवळात जायचे. वाटेत ओढा असेल तर तो चढण्याआधी कोणत्या वेळी निघायचे. कोणत्या घरातल्या म्हाताऱ्याला कोणी उचलायचे. आणि गुरांची दावी कोणी सोडायची. दहा वेळा रिकामे निघावे लागले आणि दहा वेळा डोंगर उभाच राहिला, तरी अकराव्या वेळी निघायचे. त्या दहा रात्री वाया गेल्या असे म्हणणाऱ्याला गावाने तिथल्या तिथे सांगावे की अकराव्या रात्री वाचण्याची किंमत तेवढीच आहे, आणि ती परवडणारी आहे.